लवू घाडीचा आवाज

लवू घाडीला देवानं उंची दिली नाही, रूप दिलं नाही, शाळाही नववीच्या पुढे सरकू दिली नाही. दिला तो एक आवाज. पण तो देताना मात्र हात आखडला नाही. भोईवाड्याच्या रावजी चाळीत तळमजल्याच्या चौकात उभं राहून लवूनं नुसतं ‘गो दर्शना’ म्हटलं की तिसऱ्या माळ्यावरच्या दोन-चार बायका ‘ओ’ द्यायच्या, आणि त्यातली एकही त्याची बायको दर्शना नसायची. दर्शना आत भाकऱ्या थापत म्हणायची, ‘सगळ्या मुंबयक माझा नाव कळला.’ त्या म्हणण्यात तक्रार कमी आणि मिरवणं जास्त असे.

हा आवाज वापरायची रीतही घराण्यातून आलेली. कणकवलीच्या पुढे त्यांच्या गावात घाडी म्हणजे देवापुढे गाऱ्हाणं घालणारे. सगळ्या गावाच्या वतीनं एकानं उभं राहायचं, देवाला मोठ्यानं सांगायचं, आणि दर वाक्याला बाकीच्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून होकार भरायचा. लवूचा बाप गिरणीत लागला तेव्हा पत्र्याच्या ट्रंकेबरोबर हा मानही मुंबईला आला. चाळीचा सत्यनारायण सव्वीस जानेवारीला. आरती झाली की बाप उभा राहायचा, बापामागून लवू. बहात्तर खोल्यांची दुखणी त्याला पाठ. कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाच्या पोराला नोकरी टिकत नाही, कुणाचा गुडघा. तो नाव घेऊन मागायचा आणि ज्याचं नाव येई तो माणूस तेवढ्यापुरता चाळीत सगळ्यात महत्त्वाचा होई.

बापानं त्याला दोन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. एक, गाऱ्हाणं घालणाऱ्यानं स्वतःसाठी काही मागायचं नाही. दुसरी, शेवटच्या वाक्याबद्दल. ‘कळत नकळत जा काय चुकला असात, तां पोटात घाल रे म्हाराजा,’ हे ते वाक्य. बाप म्हणायचा, ‘कळत म्हणूक इसरू नको. नकळत चुकता त्येका देव इचारता खंय? गाऱ्हाणा कळान चुकलेल्यासाठी असता.’ लवू तेव्हा दहा-बारा वर्षांचा. त्यानं मान डोलावली. कळून चुकणारी माणसं कशी असतात, ते त्याला पुढे चांगलं समजायचं होतं.

आता रावजी चाळ नाही; टॉवर बांधायचा म्हणून ती पाडली. तिच्या जागी पत्रे ठोकलेत आणि पत्र्यांच्या आत खड्डा. बिल्डर कोर्टात अडकलाय, भाडं द्यायचं त्यानं कधीच थांबवलंय, आणि बहात्तर बिऱ्हाडं नालासोपाऱ्यापासून दिव्यापर्यंत पांगलीत. लवू त्यातल्या त्यात जवळ, घोडपदेवला, दुसऱ्या माळ्यावर एका खोलीत भाड्यानं. बायको दर्शना, सव्वीस वर्षांची मुलगी पूर्वी आणि तो. वय अठ्ठावन्न. दादरच्या साडीच्या दुकानात बत्तीस वर्षं काढलेली. पैठणी उलगडताना त्याचं बोलणं असं चाले, की गिऱ्हाईक साडीकडे कमी आणि त्याच्याकडे जास्त बघे आणि पिशवी घेऊनच उठे.

आणि गेल्या ऑगस्टात हा आवाज गेला.

गेला तो बाणगंगेच्या पायऱ्यांवर, सकाळी दहाच्या सुमाराला, पंचवीसेक माणसांदेखत. कमलकाकीचा दहावा होता. कमलकाकी म्हणजे रावजी चाळीतली लवूची शेजारीण. दोन खोल्यांत एक भिंत. लहानपणी लवूची आई कामावर गेली की काकीनं त्याला जेवायला घालायचं, न्हायला घालायचं, वेळ पडली तर बडवायचं. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेलेला. चाळ पडल्यावर पुतण्यानं तिला नालासोपाऱ्याला नेलं. तिथं दर फोनला तिचा एकच प्रश्न: ‘लवू, आपली खोली कधी मेळतली रे?’ विचारता विचारता एके दिवशी ती झोपेतच गेली.

पिंडाला कावळा शिवेना. कावळे होते, कठड्यावर बसून माना वाकड्या करून बघत होते, पण खाली उतरत नव्हते. पुतण्यानं हात जोडून सांगितलं, तुझे दागिने माझ्या मुलीला देतो. कावळा नाही. कुणी म्हणालं, वर्षश्राद्ध घालू. नाही. मग गणपत सकपाळ, चाळीच्या कमिटीचा सेक्रेटरी आणि लवूचा लंगोटीयार, यानं लवूला पुढे ढकललं. ‘तिचो जीव खोलयेत अडकलोहा. सांग तिका, खोली मेळतली म्हणान. तुझा ऐकतली ती.’ लवू दोन पावलं पुढे झाला. तोंड उघडलं. आतून काहीच आलं नाही, नुसती हवा. पुन्हा उघडलं. लोकांना वाटलं, दाटून आलं बिचाऱ्याला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि सगळे घरोघर गेले.

त्यानंतर उरला तो एक घोगरा कुजबुजाट. दुकानात शेटनं आठवडाभर वाट पाहिली, मग त्याला गादीवरून उठवून आत घड्या घालायला बसवलं. गिऱ्हाइकांनी उलगडून टाकलेल्या साड्या लवू दिवसभर घडी करायचा. घशाच्या डॉक्टरनं नळी घालून बघितलं आणि म्हणाला, इथं काही नाही, हे मनातलं आहे. लवूला तो अपमान वाटला. औषध द्यायला जमलं नाही की डॉक्टर लोक मनावर ढकलतात, असं त्यानं दर्शनाला कागदावर लिहून दाखवलं.

लवूची मुलगी पूर्वी ही लोअर परळच्या एका कंपनीत कामाला. त्या कंपनीनं म्हणे माणसांच्या मनाची काळजी घ्यायची ठरवलं होतं. म्हणजे काम दहा तास करून घ्यायचं आणि वर एक अॅप द्यायचं. घरातल्या कुणाही एकाला आठ सेशन फुकट. पूर्वीनं स्वतःची आठ बापाच्या नावावर लिहून टाकली. खरं तर तिलाही ती हवी होती. ऑफिसला निघताना रोज जिन्यात थांबून ती दोन मिनिटं नुसता श्वास घेत असे. पण ते घरात कुणी विचारलं नाही.

‘पप्पा, फक्त बोलायचंय. व्हिडिओ कॉल आहे. काऊन्सेलर मराठी मागितलीय मी.’

‘माझा आवाज गेलाय, आणि औषध काय, तर बोला!’ लवू कुजबुजला. पण पोरीचा चेहरा बघून त्यानं फॉर्म भरला. गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का, झोप लागली का, स्वतःबद्दल वाईट वाटलं का. त्यानं सगळीकडे ‘अजिबात नाही’वर बोट दाबलं. अनोळखी माणसाला विचारल्या विचारल्या काय सांगायचं, अशी त्याची रीत.

काऊन्सेलरचं नाव सुमेधा. पुण्याची, तिशीच्या आतबाहेरची, मागे पुस्तकांचं कपाट. भाषा अशी स्वच्छ की लवूला बातम्या ऐकल्यासारखं वाटे. दुकानं सोमवारी बंद, म्हणून सेशन सोमवारी दुपारी बारा वाजता. तेवढा तास दर्शना पिशवी घेऊन भाजीला जायची आणि लवू दाराला कडी घालायचा. दिवसाढवळ्या दार लावून बसलेला माणूस घोडपदेवच्या त्या मजल्यावर कुणी बघितला नव्हता. पहिल्याच सोमवारी समोरच्या बाईनं दोनदा कडी वाजवून, सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारलं.

‘काका, तुम्हाला कसं वाटतंय?’ सुमेधा विचारायची.

‘बरं आहे.’

‘बरं म्हणजे?’

बरं म्हणजे बरं. मग तो तिला गणपतच्या गुडघ्याचं सांगायचा. गणपतचं झालं की दुकानातल्या जोडीदाराच्या मुलाचं. तो दारू प्यायचा. पुढच्या सोमवारी त्या जोडीदाराच्या भावाच्या सुनेचं. तो इतकं नेटकं, नावनिशीवार मांडायचा, की सुमेधाच्या वहीची पानं भरली, आणि चौथ्या सेशनला तिच्या लक्षात आलं की एवढ्या गर्दीत हा माणूस कुठंच नाही.

‘काका, अर्धी सेशन संपली. तुमचं तुम्ही अजून काहीच सांगितलं नाहीत.’

तेव्हा त्यानं तिला गाऱ्हाण्याचं सांगितलं. घाडी घराण्याचं, बापानं घालून दिलेल्या नियमाचं. घालणाऱ्यानं स्वतःसाठी मागायचं नसतं, मॅडम. सुमेधानं पेन खाली ठेवलं. ‘मग तुमच्यासाठी कोण मागतं?’ असं तिनं विचारलं. अठ्ठावन्न वर्षांत हे त्याला कुणी विचारलं नव्हतं, त्यालाही सुचलं नव्हतं. त्यानं मोबाइल उशीवर पालथा घातला आणि नळाखाली तोंड धुऊन आला. ती तोवर थांबली होती. ती थांबली, एवढ्यावरून त्याचा तिच्यावर पहिल्यांदा विश्वास बसला.

पुढचे सोमवार तो थोडं थोडं बोलला. झोप लागत नाही, हे कबूल केलं. परळला जायचं तर पत्रे दिसू नयेत म्हणून लांबून वळसा घालतो, हे सांगितलं. कमलकाकीचं सांगितलं, पण कावळ्यापाशी येऊन थांबला. तिथून पुढे एक शब्द जाईना. सुमेधा रेटायची नाही. एकदा ती म्हणाली, ‘तिथं काहीतरी अडकलंय, आणि ते तुम्हाला माहीत आहे. मला सांगितलंच पाहिजे असं नाही. पण ते आत ठेवून आवाज कसा बाहेर येईल, मला कळत नाही.’ त्या रात्री त्यानं ताट सारून दिलं; भाताला चव नाही काय, असं दर्शनानं विचारलं.

जानेवारीचा दुसरा सोमवार उजाडला. सातवं सेशन. सव्वीस तारीख जवळ आलेली. चाळ पडली तरी चाळकऱ्यांनी सत्यनारायण सोडला नव्हता; दर वर्षी पत्र्यांच्या बाजूला फुटपाथवर मांडव घालून तो व्हायचा, आणि सगळे लांबलांबून यायचे. गणपत दोनदा फोनवर बोलला होता, आवाजाचं बघ रे, तुझ्याशिवाय कोण घालणार. लवूनं हे सुमेधाला सांगितलं. ती जरा लाजतच म्हणाली, ‘काका, तुमचं गाऱ्हाणं मी घालू का? मला शिकवा. चुकलं तर सांगा.’

आणि तिनं खरंच सुरू केलं. डोळे मिटून, हात जोडून. ‘हे देवा महाराजा, आमचे लवूकाका यांच्या घशात जो अडथळा निर्माण झाला आहे, तो कृपया दूर व्हावा.’

लवूनं कानावर हात ठेवले. म्युनिसिपालटीला अर्ज करावा तसं ते गाऱ्हाणं. देव अशानं उठेल का? ‘तसा नाय, मॅडम!’ तो म्हणाला, आणि ‘मॅडम’ शब्दाला आवाज फुटला. सुमेधाचे डोळे उघडले. लवूला ते कळलंही नाही. तो चिडला होता, बापानं त्याच्यावर चिडावं तसा. ‘असा कोण घालता? उभ्या ऱ्हवा. मी सांगतंय तशा. दर येळी तुमी व्हय म्हाराजा म्हणा.’ तो स्वतःच उभा राहिला. मोबाइल डब्याला टेकवून ठेवला. स्वतःसाठी मागायचं नसतं हा नियम होता. पण लवू घाडी नावाच्या कुणा दुसऱ्या माणसासाठी मागायला हरकत नव्हती.

‘बा देवा म्हाराजा! आज हयसर ह्या मोबाइलासमोर जा काय मोडक्यातोडक्या बोलतंय, तां कानार घे रे म्हाराजा!’

‘होय महाराजा,’ पुण्याहून सुमेधा म्हणाली.

‘ह्यो लवू घाडी, रावजी चाळीतलो, खोली एकेचाळीस. ह्येका बिल्डराच्या माणसान दादरात हाटेलात न्हेल्यान, चाय पाजल्यान आणि नकाशो दाखवल्यान रे म्हाराजा!’

‘होय महाराजा.’

‘सतराव्या माळ्यार कोपऱ्याची जागा, खिडकीतसून दर्यो दिसता. बाकीच्यांका चिठ्ये टाकून, आणि ह्येका आदीच धरून ठेवलेली! तेवढ्यासाठी ह्येना सव्वीस जानेवारीक तुझ्या पुढ्यात उभ्या ऱ्हवान गाऱ्हाणा घातल्यान, चाळ पाडूच्या कागदार सगळ्या लेकरांच्या सह्यो एकमतान होवंदेत म्हणान. लेकरा व्हय म्हणाली ती तुका म्हणाली, बिल्डराक नाय. ह्येका तां म्हायत होता रे म्हाराजा!’

इथं सुमेधानं जोडलेले हात खाली घेतले, पण होकार भरला.

‘कमलकाकी सही करूक तयार नव्हती. सांजच्याक ती ह्येच्याकडे इली. म्हणाली, देवाक व्हय म्हटलंय रे, आता कागदाक नाय कशी म्हणू? ह्येना तिका पेन दिल्यान. स्वतःच्या हातान दिल्यान. ती परक्या खोलयेत मेली. ह्येना ह्या नकळत नाय केल्यान. कळान केल्यान, म्हाराजा, कळान!’

‘होय महाराजा,’ सुमेधा म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

लवू खाली बसला. छाती भात्यासारखी हलत होती. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्याचा घसा मोकळा होता, आणि त्याला असं हलकं वाटलं की रडू आलं. तो ढसाढसा रडला. मग त्याच्या एकदम ध्यानात आलं की बाहेरच्या गॅलरीत काहीच आवाज नाही. दुपारी साडेबाराला घोडपदेवच्या गॅलरीत आवाज नाही, असं कधी होत नसतं.

माइक न लागणारा आवाज होता तो. कडीबिडीनं काय अडणार?

त्यानं दार उघडलं. समोरची बाई उंबऱ्यात उभी. पलीकडचे दोघं. जिन्याच्या तोंडाशी दर्शना, हातात मेथीच्या जुड्या डोकावणारी पिशवी. आणि तिच्या शेजारी गणपत. सव्वीस तारखेचं आमंत्रण द्यायला तो गुडघा धरत दोन जिने चढून आला होता. आमंत्रणाचं कार्ड त्याच्या हातात होतं. तो लवूकडे बघत राहिला. पन्नास वर्षांची ओळख, शाळेत एका बाकावर; एकमेकांची आयमाय काढल्याशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नसे. शिवी आली असती तर लवूनं ती प्रसादासारखी घेतली असती.

‘आवाज इलो रे तुझो,’ गणपत म्हणाला. कार्ड त्यानं दर्शनाच्या पिशवीत मेथीवर ठेवलं आणि कठड्याला धरून एक एक पायरी उतरत गेला.

दर्शनानं आत येऊन पंखा लावला, मेथी निवडायला बसली. मोबाइलवर सुमेधा अजून होती, ‘काका, काय झालं, तुम्ही ठीक आहात ना,’ म्हणत होती. दर्शनानंच मोबाइल उचलून नीट धरला आणि म्हणाली, ‘मॅडम, त्यांचो आवाज इलो. आता पुरे.’ आणि बंद केला. चार दिवस ती नवऱ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी ताट वाढताना तिनं एवढंच विचारलं, ‘सतराव्या माळ्यार आपण जातलो होतो. आणि कमलकाकी खंय ऱ्हवतली होती?’ लवू म्हणाला, ‘चिठ्येत येयत थंय.’ तिनं डाळ वाढली. पूर्वीला तर कुणीच काही सांगितलं नाही, पण त्या सोमवारीच तिला ऑफिसात चाळीतल्या कुणाचा तरी फोन आला होता. ती घरी आली, बापाच्या पाठीवर हात ठेवून जरा उभी राहिली आणि मोरीत जाऊन बराच वेळ पाणी सोडून बसली.

दुकानात मात्र आनंदीआनंद. शेटनं पेढे वाटले. लवूला पुन्हा गादीवर बसवलं. पहिल्याच दिवशी त्यानं एका बाईला तीन नऊवारी विकल्या. बोलणं आधीसारखंच चाललं, सराईत, गोड. त्याचं त्यालाच ते ऐकवेना. आवाज जाण्याआधीही तो असाच बोलत होता, आणि तेव्हा त्याला तो आपला वाटत होता.

आठवं, शेवटचं सेशन त्यानं जिन्यात उभं राहून केलं. आता घरात दार लावण्यात अर्थ नव्हता. सुमेधाला त्यानं सगळं सांगितलं. ‘मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, आजूबाजूला कोण आहे,’ ती म्हणाली. ‘ते माझं चुकलं.’

‘तुमचं नकळत, मॅडम,’ लवू म्हणाला. मग त्यानं विचारलं, ‘आता मी काय करू?’

तिनं खोटा धीर दिला नाही. तिला माहीत नव्हतं, आणि तिनं तसं सांगितलं. फक्त एवढं म्हणाली, की सव्वीसला जा. ते काय बोलतील ते ऐकून घ्या. लपू नका. आणि कुठल्याही वेळी फारच वाईट वाटलं, जगू नये असं वाटलं, तर लगेच कळवा, म्हणून एक नंबर दिला. तो नंबर लवूनं कॅलेंडरवर लिहून ठेवला. मग वेळ संपली आणि पडद्यावर पाच चांदण्या आल्या: तुमचा अनुभव कसा होता? त्यानं सगळ्या दाबल्या, कारण पोरगी चांगली होती.

त्या आठवड्यात त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली. बोलतील, शिव्या देतील, कॉलर धरतील. चालेल. पण शेवटी कुणीतरी गाऱ्हाणं घालेलच, आणि त्याचं शेवटचं वाक्य ठरलेलं आहे. ते वाक्य बापापासून, बापाच्या बापापासून चालत आलंय, आणि त्यात त्याच्यासारख्यासाठी जागा आहे. बहात्तर बिऱ्हाडं त्याला ‘व्हय’ म्हणतील. मनातून म्हणोत न म्हणोत, देवापुढे म्हणतील. त्याला तेवढं पुरणार होतं.

सव्वीस तारखेला तो आणि दर्शना गेले. पत्र्यांच्या कडेला मांडव, चौरंग, केळीचे खांब. नालासोपाऱ्याचे आले होते, दिव्याचे आले होते. लवूला कुणी हाकललं नाही. कुणी बोललंही नाही वावगं. ‘इलंस?’ म्हणाले. ‘बस’ म्हणाले. एकीनं तीर्थ दिलं, पण त्याच्याकडे न बघता. दुरून आलेल्या पाहुण्याशी वागावं तसे सगळे वागत होते. कमलकाकीचा पुतण्या त्याच्यासमोरून खुर्ची उचलून पलीकडे घेऊन गेला, एवढंच. लवू मागे, पत्र्याला पाठ लावून उभा राहिला. दर्शना बायकांत पुढे बसली.

आरती झाली. एरवी या वेळी सगळ्या माना त्याच्याकडे वळायच्या. आज गणपत गुडघा दाबत उठला. खिशातून रेघांचा कागद काढला. त्याचा आवाज मुळात किरटा. पहिल्या ओळीला तो फाटला, पण लोकांनी ‘व्हय म्हाराजा’ असं दणकून म्हटलं, की त्याला धीर आला. कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाचं ऑपरेशन. कोर्टाची तारीख. ‘ह्या लेकरांची घरा ह्येंका परत मेळांदेत रे म्हाराजा!’ त्याला तर रस्त्यावरून जाणाऱ्यांनीही होकार भरला.

मग तो शेवटच्या ओळीवर आला. कागदावरून त्याची नजर वर उठली, माणसांच्या डोक्यांवरून मागे आली आणि लवूवर थांबली. लवूनं हात जोडले. ते गणपतनं बघितलं. मग तो पुन्हा कागदाकडे वळला.

‘आणि लेकरांकडसून नकळत जा काय चुकला असात,’ गणपत म्हणाला, ‘तां पोटात घाल रे म्हाराजा!’

‘व्हय म्हाराजा!’ मांडव म्हणाला. आणि त्या सगळ्या आवाजांच्या वर एक आवाज गेला. भरदार, मोकळा, माइक न लागणारा. लवूनं आपल्याकडून होकार भरला होता. पत्र्यापलीकडच्या खड्ड्यात जाऊन तो आवाज परत आला आणि सगळ्या मांडवानं वळून मागे बघितलं. एकट्या दर्शनानं तेवढं बघितलं नाही.